पट्टी नसलेला वटवट्या

११ फेब्रु.
सकाळी कंबर तलाव. चिंचेत एक पर्णवटवट्या. चिमणीहून लहान, एका फांदीवर टिकेल तर शपथ. पंखावर पट्टी नाही, पाय काळे. म्हणजे चिफचाफ! आमच्या पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपात अजून कुणी इथं पाहिलेला नाही. लगेच फोटो टाकला. जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलं, आता एक पक्षी तरी माझ्या नावावर लागू दे की.

१२ फेब्रु.
व्यंकटेशनं माती केली. हा यंत्रमागावरचा जॉबर. माग बिघडला की नुसत्या आवाजावरून खोट सांगतो. पक्षी मीच दाखवले याला, जुनी दुर्बीणही माझीच. ग्रुपवर लिहितो, "सर, मी पण ऐकलो त्याला. आवाज दोन तुकड्यांत हाय. चिफचाफ एकदाच बोलतंय. हा आपला नेहमीचा हिरवट वटवट्या." खाली अंगठेच अंगठे. माझ्या फोटोला तीन. त्यातला एक माझ्या भाच्याचा.

१५ फेब्रु.
जळतो मी त्याच्यावर, झालं. दुर्बीण परत मागावी असंही मनात आलं. सौ. म्हणाली, पाखरू काय सातबाऱ्यावर चढवायचंय तुम्हाला?

१९ फेब्रु.
पुस्तक काढलं. हिवाळा सरताना पिसं झिजतात, हिरवटाची पट्टीही पुसली जाते. हे मला माहीत होतं. आणि उन्हासमोर पाय सगळ्यांचेच काळे.
तरी ग्रुपवर लिहिलं, 'मी ठाम आहे.' गावातल्या पक्ष्यांची यादी करणाऱ्या बाईंनी दोघांना कळवलंय, महिनाअखेर एकमत करा.

२७ फेब्रु.
तलावावर एकटाच गेलो. तासभर पक्षी मुका. मग बोलला. चिस्-ली. दोन तुकडे. परत तेच. माझ्या डोक्याच्या जरा वर, शंकेला जागाच ठेवली नाही मेल्यानं.
घरी आलो तर व्यं.चा फोन. तो कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आला होता. मागाच्या खडखडाटानं बारीक आवाज ऐकू येईनासे झालेत म्हणे.
"सर, माझंच चुकलं असणार. तुमचं चिफचाफच लिवा यादीत. आता माझ्या कानाचा काय भरवसा न्हाई. पक्षी बास झालं."
मी म्हणालो, औषध वेळेवर घे.
एवढंच म्हणालो. यादी उद्या संध्याकाळी बंद होते.