खाली बघून चालणारी माणसं

४ जून

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही फोन उचलत नाही म्हणून आई धुसफुसते आहे. दिवसभर हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीत बसून बोलणाऱ्या माणसाला घरी तरी गप्प बसू द्यावं, असं मी तिला सांगून पाहिलं, पण तिला पटलेलं दिसत नाही. पत्राचं तुम्हाला वावडं नाही, म्हणून बातमी पत्रानेच देते. तुमच्या हॉस्पिटलच्या सगळ्या पाट्या नव्याने करायचं काम मला मिळालं आहे. लहानपणी तुमच्या खिडकीमागे बसून केसपेपरच्या पाठकोऱ्या बाजूवर चित्रं काढायची म्हणून तुम्ही जिला रेघोटी म्हणायला लागलात, ती आता तिथल्या भिंतींवर राजरोस रेघोट्या मारणार.

नोकरी सोडून मैत्रिणीबरोबर दोन खोल्यांत ऑफिस थाटल्याला वर्ष झालं. आजवर बिस्किटांचे पुडे आणि दुकानांची कार्डं केली, हे पहिलं मोठं काम. नीट झालं तर संस्थेची आणखी दोन हॉस्पिटलं आमच्याकडे येतील. नाही झालं तर पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली बसायचं, आणि ते माझ्या जिवावर येतं.

क्लायंट म्हणजे तुमचे मोठे साहेब. तीनदा नमुने दाखवले आणि तिन्ही वेळा त्यांना लोगो मोठा हवा होता. किती मोठा म्हणून विचारलं तर म्हणाले, जरा उठावदार. उठावदार म्हणजे किती सेंटीमीटर, हे मला कॉलेजात कुणी शिकवलेलं नाही.

सोमवारपासून तीन दिवस तळमजल्याच्या कॉरिडॉरमध्ये पुठ्ठ्याचे नमुने छताला टांगणार आहोत. प्रत्येक विभागाला वेगळा रंग आहे, अक्षरं बारीक आणि देखणी आहेत. नीट बघा आणि मत कळवा. हातचं राखू नका, मी आता मोठी झाले आहे, रडणार नाही.

काकूला नमस्कार. माया आहे तेवढी ठेवा, थोडी वाढली तर तक्रार नाही.

तुमची
रेघोटी


१३ जून

चि. रेघोटीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. फोन उचलला की माझ्या तोंडून आपोआप सरळ जाऊन डावीकडे वळायला सांगितलं जातं. आईला ते चालणार असेल तर उचलत जाईन, तसं तिला कळव.

तुझ्या पाट्या पाहिल्या. सुंदर आहेत. आमच्या कॉरिडॉरला इतकं नटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आता मत मागितलंस तर ऐक. माझ्याकडे एक वही असते हे तुला आठवत असेल. कुणी वाट विचारली की त्यात एक रेघ. एरवी दिवसाला दोनशेच्या आसपास रेघा होतात. तुझ्या पाट्या लागल्या त्या सोमवारी एकशे ब्याण्णव झाल्या, मंगळवारी एकशे अठ्ठ्याण्णव आणि बुधवारी दोनशे चार. म्हणजे पाट्या असून नसल्यासारख्या झाल्या.

असं का, म्हणून बुधवारी डबा तसाच ठेवून पाटीखाली जाऊन उभा राहिलो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत बसलो. आजारी माणूस वर बघतच नाही गं. तो खाली बघून चालतो. त्याच्याबरोबर आलेला तर त्याच्याहून खाली बघतो, कारण त्याला आजाऱ्याच्या पावलांकडे लक्ष ठेवायचं असतं. वर बघतात ते औषधं विकायला येणारे, आणि तुझे सहकारी.

दुसरं असं, की तू ‘क्ष-किरण विभाग’ लिहिलंस. सत्तावीस वर्षांत मला कुणी क्ष-किरण विचारलेला नाही, सगळे एक्स-रे विचारतात. आणि बाहेर जायची वाट तू दाखवलीच नाहीस. आत येणारा माणूस निदान विचारतो. बाहेर जाणाऱ्याला आत काय सांगितलेलं असतं कोण जाणे, तो कुणालाच विचारत नाही आणि भलत्याच जिन्यापाशी जाऊन उभा राहतो. वहीत त्याची रेघ पडत नाही, पण मला तो दिसतो.

साहेबांच्या लोगोवर जीव जाळू नकोस. तो मोठा केल्याने कुणाची वाट चुकणार नाही. बाकी तू हुशार आहेस. पाट्या करणाऱ्याने पाट्या टाकू नयेत, एवढंच माझं म्हणणं.

काकूचे आशीर्वाद. आहेस तशीच हट्टी राहा, लोभ त्यावरच आहे.

तुझा
काका


१७ जून

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. रडणार नाही म्हणाले होते आणि रडले नाही, पण नाकाला मिरच्या झोंबल्या हे लपवत नाही.

पाटी किती उंचीवर असावी याचे ठरलेले नियम आहेत, ते मी माझ्या मनाने केलेले नाहीत. नमुने टांगण्याआधी तीस जणांना दाखवले होते, त्यांतल्या अठ्ठावीस जणांना आवडले. त्यांतला एकही आजारी नव्हता हे तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणते. पण तुम्हीही एका खिडकीतून बघता, काका. ज्यांना पाटीवरून वाट सापडली ते तुमच्याकडे आलेच नसतील, मग त्यांची रेघ कोण ओढणार? तीन दिवसांच्या वहीवरून सगळं काम मोडीत काढायचं म्हणजे मला साहेबांकडे जाऊन मान खाली घालावी लागेल.

आणि राग मानू नका, पण इतकी वर्षं सगळे तुम्हालाच विचारत आले आहेत. लोकांनी यापुढेही तुम्हालाच विचारावं असं तर तुम्हाला आतून वाटत नाही ना? तसं असेल तर मी समजू शकते, पण मग तो पाट्यांचा दोष नव्हे.

काम फार आहे, म्हणून इथेच थांबते. काकूला नमस्कार.

रेघोटी


२१ जून

चि. रेघोटी,
अनेक आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही, तेव्हा चुकलं-माकलं सांभाळून घे. तुझं पत्र आलं ते ह्यांनी वाचलं, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि जेवायला बसले. दोन दिवस झाले, शर्ट बदलला तरी पत्र त्या खिशातून या खिशात जातंय. म्हणून मी आज वाचलं.

तुला कळवायचं नाही असं मला बजावलेलं आहे. तरी कळवते, त्याचं जे व्हायचं ते होवो. मे महिन्यातच ऑफिसने ह्यांना कागद दिलाय. नव्या पाट्या लागल्या की चौकशीची खिडकी बंद करायची. निवृत्तीला अजून तीन वर्षं आहेत, तोवर ह्यांना तळघरात, जुन्या केसपेपरच्या खोलीत बसवणार. तिथे दिवसभर कुणी येत नाही. माणसाशी बोलल्याशिवाय ज्यांचा दिवस जात नाही त्यांचं तिथे काय होईल?

तुझे नमुने आले तेव्हा ह्यांना हे सगळं ठाऊक होतं. मी म्हटलंसुद्धा, चांगल्या आहेत म्हणून कळवून मोकळे व्हा, नाही चालल्या तर खिडकी तरी राहील. तर माझ्यावरच डाफरले. म्हणाले, पोरीचं पहिलं काम आहे, ते फसू देऊ की काय. आणि पट्टी घेऊन वहीत रेघा मोजत बसले.

तू लहान आहेस, लागेल असं बोललीस तरी आम्ही विसरू. तू मात्र हे मनात ठेव. येऊन-जाऊन राहा.

तुझी
काकू


३० जून

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

मागचं पत्र फाडून टाका. ते लिहिणारीला मी घरातून घालवून दिलं आहे. माझं चुकलं, काका, फार चुकलं.

परवा इथल्या एका दवाखान्यात जाऊन चार तास बाकावर बसले. चेहऱ्यांकडे न बघता फक्त पायांकडे बघितलं. तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे. म्हणून छताच्या पाट्या रद्द केल्या. आता जमिनीवर रंगीत पट्ट्या करायच्या, हाडांसाठी निळी, डोळ्यांसाठी हिरवी, एक्स-रेला लाल, आणि बाहेर जाण्यासाठी पिवळी, थेट मोठ्या दारापर्यंत. भिंतीवर कठड्याच्या उंचीला शब्द राहतील, तेही लोक बोलतात ते. तुमच्या खिडकीत येणारे कोणत्या विभागाला काय म्हणतात त्याची यादी करून पाठवाल का? तुमच्याइतकं ते कुणालाच ठाऊक नाही.

साहेबांपुढे मान खाली घातली, तर तिथेही जमीनच दिसली, तीच त्यांना दाखवून पट्ट्या समजावल्या. त्यांना पटल्या. लोगो मोठा केला आहे, त्यामुळे तेही खूश आहेत.

तुमच्या खिडकीसमोर जरा जागेची अडचण आहे. तिथे सगळ्या पट्ट्या चार पावलं आधी थांबतील आणि पलीकडे पुन्हा सुरू होतील. तेवढ्या जागेत कुणी अडलंच तर तुम्ही आहातच.

काकूला सांगा, तिच्या हातचं जेवायला लवकरच येते. रागावला असाल तर रागावा, पण पत्र लिहून रागावा.

तुमचीच
रेघोटी


२१ ऑगस्ट

चि. रेघोटीस,
अ. उ. आ.

पट्ट्या लागून दहा दिवस झाले. मी पाठवलेल्या यादीतले शब्द भिंतीवर दिसतात तेव्हा जुने ओळखीचे भेटल्यासारखं वाटतं. लोक पट्टीवरून असे जातात की बघत राहावं. मागे दोनशे रेघा व्हायच्या, आता चाळीस-बेचाळीस होतात. पण या सगळ्या एकाच जागच्या आहेत, माझ्या खिडकीसमोरच्या.

काल एक आजीबाई एकट्याच आल्या. हिरव्या पट्टीवरून नीट चालत आल्या आणि पट्टी संपली तिथे, पोचलो असं समजून बाकावर बसल्या. मी तेव्हा मागे डबा खात होतो. परत आलो तेव्हा त्या बसलेल्या दिसल्या, पण त्यांनी काही विचारलं नाही, म्हणून मीही विचारलं नाही. दीड तासाने त्यांनी माझ्यापाशी येऊन विचारलं, की माझं नाव अजून का पुकारत नाहीत. वर त्यांचा नंबर कधीच होऊन गेला होता. डॉक्टरीणबाईंच्या हातापाया पडून मी त्यांना तपासून घेतलं, पण तो दीड तास मला खातो आहे.

तिथे जागेची अडचण नाही. मी पावलांनी मोजलं आहे. असली चूक तुझ्या हातून होत नाही, म्हणून संध्याकाळी काकूकडे नुसतं बघितलं, तर ती भांडी आवरायला उठली. काय ते समजलो.

तू माझ्यासाठी केलंस हे कळून मला भरून आलं, ते खोटं कशाला बोलू. तू माझी लाडकी आहेस आणि मला तुझा राग आला आहे, या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. लोकांना अडवून मला खिडकीत बसायचं नाही. ज्यांना वाट सापडत नव्हती त्यांच्यासाठी मी तिथे होतो. पट्टी जोड. माझं मी बघून घेईन.

जेवायला ये, त्याला मात्र अडचण सांगू नकोस.

तुझा
काका


२६ ऑगस्ट

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

त्या आजीबाईंबद्दल वाचलं आणि दिवसभर कामाला हात लागला नाही. तुम्हाला तळघरात जाऊ द्यायचं नव्हतं, एवढंच डोक्यात होतं. तिथे कुणीतरी चुकेल हे दिसत असूनही मी त्याकडे कानाडोळा केला. काकूला बोलू नका, तिने कळवलं नसतं तर मी आयुष्यभर त्या सतरा जूनच्या पत्रावर बसून राहिले असते.

रविवारी माणसं न पाठवता मी स्वतः पट्टी घेऊन येते आहे. एकटीला सरळ चिकटवता येणार नाही. दुसरं टोक तुम्ही धरा.

तुमची
रेघोटी


५ ऑक्टोबर

चि. रेघोटीस,
अ. उ. आ.

संस्थेची दुसरी दोन्ही कामं तुला मिळाल्याचं साहेबांकडून कळलं. काकूचं ते सगळ्या गल्लीला सांगून झालं आहे, मी सांगायला कुणी शिल्लक ठेवलेलं नाही.

आपण दोघांनी गुडघ्यांवर बसून जोडलेली ती चार पावलं घट्ट आहेत, फरशी पुसणाऱ्या बाई रोज रगडतात तरी कोपरा सुटलेला नाही. गेल्या आठवड्यात रेघा सातवर आल्या, मग तीनवर. शुक्रवारी एकही नाही. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मी डबा गरम असताना, एका बैठकीत, पूर्ण खाल्ला. भाजीत मीठ कमी होतं हेही त्यामुळे कळलं. काकूला सांगितलं, तर म्हणाली की इतकी वर्षं कमीच घालते आहे.

शुक्रवारच खिडकीचा शेवटचा दिवस होता. सोमवारपासून तळघर. पाच वाजता वही, चष्म्याचं घर आणि डबा पिशवीत भरला, फळी ओढून घेतली आणि निघालो. त्या कॉरिडॉरमधून मी नेहमी मान वर करून, लोकांना हात करत जायचो. त्या दिवशी मला कुणाच्या तोंडाकडे बघवेना. डोळ्यांत पाणी होतं, ते कुणी पाहायला नको होतं. म्हणून खाली बघून चालत राहिलो. कुठे वळलो, किती चाललो, लक्ष नव्हतं. पिवळी पट्टी तेवढी दिसत होती. ती संपली तेव्हा मी मोठ्या दारात उभा होतो.

बरोबर आलो होतो. तुला कळवावं असं वाटलं.

काकूचे आशीर्वाद. आता मला वेळ आहे, तेव्हा पत्रं मोठी लिहीत जा.

तुझा
काका