शेवटची चार मिनिटं

परतवाडा,
सोमवार, १५ मार्च २०२१

प्रिय अकीला,

माझं अक्षर पाहून तू दचकशील. दोन वर्षं तुझे फोन उचलले नाहीत आणि आज एकदम लिफाफा. दुपारचे दोन वाजलेत. कुलदीप दुकानावर आहे, सासूबाई आतल्या खोलीत पडल्या आहेत, आणि मी पोरांसाठी नोट्स काढायचं निमित्त करून हे लिहितेय.

आमचं ज्युनिअर कॉलेज वर्षभर बंदच म्हणायचं. मध्ये थोडे दिवस उघडलं, फेब्रुवारीत पुन्हा कुलूप. बारावीचा भूगोल मी घरूनच शिकवते. मेळघाटातल्या पोरांकडे व्हिडिओ चालत नाही, रेंजच नसते. म्हणून मी धडा मोबाईलवर बोलून रेकॉर्ड करते आणि नोट्ससोबत ती फाईल ऑनलाइन फोल्डरमध्ये टाकते. पोरं टेकडीवर चढतात, रेंज आली की नव्या फायली उतरवून घेतात आणि खाली येऊन ऐकतात. चिखलदऱ्याकडची पंचफुला नावाची एक मुलगी आहे, ती भावाच्या फोनवर उतरवून शेजारच्या तिघींनाही ऐकवते. मला अभिमान वाटायचा ग. वर्गात मागच्या बाकापर्यंत न जाणारा माझा आवाज डोंगरात पोचत होता.

कुलदीपचं बियाण्यांचं दुकान तुला माहीत आहे. गेल्या पावसाळ्यात सोयाबीन उगवलंच नाही, पुढे कपाशीत बोंडअळी शिरली. लोक दुकानात येऊन त्याला नाही नाही ते बोलायचे. तो तिथे मान खाली घालून ऐकायचा आणि घरी आला की माझी पाळी यायची. पण मी त्याची बाजू सांगतेय असं समजू नकोस. बियाणं चांगलं उगवलं त्या वर्षीही हेच होतं. दोन वर्षांपूर्वी ईदला तू माझं मनगट पाहून विचारलंस, तेव्हा मी मोरीत घसरले म्हणाले. तू म्हणालीस, "दामे, मले येडं नको बनवू." मला राग आला. तुझा नव्हे, तुला कळलं याचा. त्यानंतर तुझ्याशी बोलायचं धाडसच झालं नाही.

तीन तारखेला स्वयंपाकघराचं दार ओढून मी शेतीच्या प्रकारांवर धडा बोलत होते. शेवटचा मुद्दा संपला आणि कुलदीप आत आला. पोळ्या झाल्या नव्हत्या. पुढचं लिहीत नाही. रेकॉर्डिंग बंद करायचं राहूनच गेलं. मग तोंड धुतलं, स्वयंपाक उरकला, आणि पोरं वाट पाहत असतील म्हणून फाईल न ऐकताच टाकून दिली.

एरवी धडा टाकला की ग्रुपवर 'ओके मॅडम'ची रांग लागते. दुसऱ्या दिवशी कुणी एक अक्षर लिहिलं नाही. दुपारी पंचफुलाचा फोन आला. "मॅडम, तुमी बऱ्या आहा ना?" तिने आधी एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. मग हळूच म्हणाली, "ते आखरीचे चार मिनिट काढून टाका. पण तुमच्यापाशी ठेवा मॅडम, फेकू नका. मीबी ठेवलं हाये."

मी दार लावून फाईल ऐकली. आधी माझाच शिकवण्याचा आवाज, मग ताट आपटल्याचा, मग त्याचा, आणि मग परत माझा. तो माझा आहे हे मला पटायला वेळ लागला. शेवटी सासूबाई बोलल्या, अगदी शांतपणे, "कुलदीप, हळू. शेजारी आयकतीन." अकीला, माराची मला सवय झाली होती. त्यांचं ते वाक्य मात्र मी मागे नेऊन पुन्हा पुन्हा ऐकलं. त्या दारात उभ्या होत्या हे मला माहीतच नव्हतं. रोज मी त्यांच्या गुडघ्यांना तेल लावते.

फाईल पेनड्राइव्हवर उतरवली आणि फोल्डरमधून, मोबाईलमधून पुसली. तोवर सदतीस जणांनी ती उघडली होती. त्यातल्या निम्म्या पोरांचे बाप कुलदीपकडूनच बी-खत नेतात. कुणाच्या तरी खिशातून माझा आवाज त्याच्या दुकानात वाजेल, ही धास्ती बसली. मोटरसायकल दारात थांबली की मी आधी त्याचा चेहरा पाहायचे, कळलं का म्हणून.

शुक्रवारी तो भर दुपारी घरी आला. पाणीही घेतलं नाही. म्हणाला, "तुह्ये पोट्टे दुकानात येऊन माह्याकडं पाहून राह्यले. काहीच बोलत नाहीत. काय सांगतलं तू त्याहिले?" मी म्हणाले, परीक्षेचं टेन्शन आहे. त्याने हात पुढे केला. मी मोबाईल दिला. तेव्हापासून तो त्याच्याच खिशात असतो. धडा पाठवायला अर्धा तास मिळतो, तोही तो शेजारी बसलेला असताना. त्या अर्ध्या तासात कुणा पोराने भाबडेपणाने एक ओळ लिहिली, 'मॅडम, आता बरं आहे का?' एवढी जरी, तर पुढे काय होईल त्याचा विचार करवत नाही.

उद्या सकाळी पार्बताबाई दूध घालायला येईल, तिच्या हाती हा लिफाफा देईन. ती अचलपूरच्या पोस्टात टाकेल. पेनड्राइव्ह सोबत आहे. शनिवारी, वीस तारखेला, गुण भरायला आम्हाला कॉलेजात बोलावलंय. तिथून मी घरी जाणार नाही. स्टँडवरून अकोटमार्गे अकोल्याची एसटी धरीन, चारच्या सुमाराला पोचेन. मला घ्यायला ये, आणि काही दिवस तुझ्याकडे राहू दे. आधी विचारायला हवं होतं, पण तुझं उत्तर मागवायला आज माझा स्वतःचा असा पत्ता नाही. सहापर्यंत मी उतरले नाही, तर इकडे फोन करू नकोस, थेट पोलिसांकडे जा. आणि ती फाईल ऐकायची वेळ आलीच तर एकटी ऐकू नकोस, अकीला. कुणाला तरी जवळ बसवून घे.

तुझीच,
दामिनी