डुलकी नव्हती ती

बाळा,

काल तुझ्या साहेबांच्या घरी जेवायला बसलो. ताट समोर आल्यावर मी मान खाली घालून डोळे मिटले, तर तू हसून म्हणालास, “आईला डुलकी लागली. वय झालं आता.” सगळे हसले. साहेबांच्या बायकोने तर विचारलं, “काकू, उशी देऊ का?”

मी प्रभूचे आभार मानत होते, हे तुला पक्कं ठाऊक होतं. तुझ्या बाबांना माती देऊन घरी आलो, तेव्हा माझ्या घशाखाली घास उतरेना. त्या दिवशी माझा हात धरून हीच प्रार्थना तू मोठ्याने म्हटली होतीस. आताच कसली लाज?

हे पत्र तुला देणार नाही. रविवारी ते आपल्याकडे जेवायला येणार आहेत. तेव्हा ही प्रार्थना मीच मोठ्याने म्हणेन.

तुझी, टक्क जागी,
आई