समुद्राच्या नकाशातली भोकं

सोमवार, ७ एप्रिल
आठवड्यानं नळाला पाणी आलं. ड्रम भरता भरता गाईड सरांचा फोन, पीएच.डी.ची व्हायवा, तोंडी परीक्षा, २२ तारखेला. परीक्षक बाई आहेत, पुण्याच्या. तासिका तत्त्वावर शिकवून शिकवून घसा सुकला माझा. आता पीएच.डी. झाली की कायमच्या जागेला उभं तरी राहता येईल. नवऱ्याला, इरफानला, फोन लावला, बिडकीनला कारखान्यात पाळीवर होता. "डॉक्टरीनबाई!" म्हणून ओरडलाच. हा माणूस आता दारावरची पाटी बनवायला टाकणार, लिहून ठेवते.
बोलण्यात ड्रम भरून वाहिला.

बुधवार, ९ एप्रिल
सरांकडे तालीम. "खुलताबादच्या पोरीला समुद्रातलं काय कळतं, असं विचारलं तर?" घडाघडा म्हणून दाखवलं. पाणी तापलं की फुगतं. उपग्रह वरून समुद्राची उंची मोजतो. त्या फुगवट्यावरून आतली उष्णता काढायची, अरबी समुद्राची, दर वर्षाची. सर म्हणाले, "झालं. आता जेवणाचं बघ." आमच्याकडं व्हायवा म्हणजे अर्धं लग्न. पाहुणे, गुलदस्ते, बिर्याणी. अब्बा जीप करून अख्खी गल्ली आणणार म्हणे.

शनिवार, १२ एप्रिल
खुलताबाद. अब्बांच्या दुकानात लावायला अरबी समुद्राचा एका दिवसाचा मोठा नकाशा छापून नेला, जास्त फुगलेलं पाणी लाल. रफूचं दुकान, आणि भिंतीवर समुद्र! त्यांनी तो कापडासारखा उजेडात धरला.
"ये सफेद सफेद छेदां काय के?"
"कुछ नै अब्बा. नाप गलत आया था, मशीन ने निकाल दिया."
"सब छेदां लाल के बीचमेंच कायकू?"
हसले मी. बसमध्ये बसल्यावर मात्र हसू गेलं.

रविवार, १३ एप्रिल
बाहेर ऊन मी म्हणतंय, मी प्रोग्राम उघडून बसलेय.
किनाऱ्याजवळ जमिनीमुळं उपग्रहाचं मोजमाप बिघडतं, काहीच्या बाही आकडे येतात. म्हणून सुरुवातीलाच प्रोग्राममध्ये एक ओळ घातली होती, अमुक फुगवट्याच्या वर गेलं की फेकून दे. अमुक म्हणजे किती, सरांना विचारलेलं. "समुद्र काय तवा हाय व्हय, एवढा तापायला? घाल अंदाजानं." घातला गोल आकडा. परत बघितलं नाही. जी भोकं पडली ती आजूबाजूचे आकडे घेऊन बुजवली. रफूच की! प्रबंधात म्हणून भोकं दिसत नाहीत. अब्बांसाठी चुकून बुजवायच्या आधीचा नकाशा छापला गेला.
आज ती ओळ काढली. भोकं गडद लाल झाली. किनाऱ्यापासून लांब, भर समुद्रात. आज आहेत, उद्या आहेत, तिथंच आहेत. बिघडलेला आकडा असा एका जागी मुक्काम करत नाही. जुन्या वर्षांत एखाददुसरं, अलीकडं जिकडंतिकडं.
म्हणजे सगळ्यात तापलेलं पाणी मीच फेकत होते, माझ्या हातानं. आणि शेवटच्या प्रकरणात लिहिलंय, वाढ संथ आहे. या अल्लाह.

मंगळवार, १५ एप्रिल
सरांना दाखवलं. उठून दार लावलं त्यांनी.
"कुणाला बोललीस?"
"नाही."
"मग बोलू नको. व्हायवा होऊ दे, पुढच्या पेपरात दुरुस्त करू. तोंडचा घास आहे, रुखसाना."
वाईट माणूस नाय. यंदा निवृत्त होतायत, मी शेवटची विद्यार्थिनी. जिना उतरले तर वरून हाक मारली. "पण ते खरं असेल का गं?" चेहरा पार उतरला होता.

शुक्रवार, १८ एप्रिल
पाटी आली! डॉ. रुखसाना, पितळी, स्क्रूसकट. इरफानवर खेकसले, बिचारा गोंधळला. मग सगळं सांगितलं त्याला. म्हणाला, "आमच्याकडं मशीनचा काटा लालमध्ये गेला की सुपरवायझर म्हणतो, मीटर खराब. एकदा मीटर चांगला निघाला होता." आणि जेवायला बसला. पुढं काय झालं ते विचारायची माझी छाती झाली नाही.
पाटी कपाटात, साड्यांखाली.
अब्बांना फोन. "दर्या गरम हुआ तो अपने कू क्या? अपने पास कां है दर्या?" म्हटलं, बारिश वहीं से आती अब्बा. मग म्हणाले, "रफू के पहले देखना, कपड़ा फटा कायकू. इत्ता तो सिखाया तेरे कू."
"पूरी गली आ री ना लेकिन."
"आने दे."

सोमवार, २१ एप्रिल
समुद्र मी एकदाच पाहिला, शाळेच्या सहलीत. पाय घातला तर असा गार लागला की किंचाळले. सारखं तेच आठवतंय. नमाजनंतर बसून मागितलं, चूक माझी निघू दे, उपग्रहाची निघू दे, कुणाचीही निघू दे. पाणी गार निघू दे. पदवी गेली तर गेली.
नाही, पदवीसाठीही रडले. खोटं कशाला लिहू.

मंगळवार, २२ एप्रिल
खोली गच्च. अब्बा पहिल्या रांगेत, इस्त्रीचा कुर्ता. ठरलेलं सगळं बोलले, मग शेवटी तो नकाशा लावला, मर्यादा काढलेला. सर टेबलाकडं बघत बसले. परीक्षक बाईंनी चष्मा पुसला.
"हे प्रबंधात का नाही?"
"माझ्या चुकीमुळं."
संपलं समजून मागं खालाजाननं टाळ्या वाजवल्या. कुणीतरी दटावलं.
बाई म्हणाल्या, समुद्रात सोडलेली तरंगती यंत्रं असतात, खोल बुडी मारून पाण्याचंच तापमान घेतात. त्यांच्याशी ताडून बघा, सगळं नव्यानं करा, तीन महिने. तोवर पदवी नाही.
बिर्याणी झालीच. गुलदस्ताही दिला. कुणाला काय झालं ते कळलं नाही, अब्बांना कळलं.

शनिवार, १० मे
यंत्रांचे आकडे आले. भोकांच्या जागी जेवढी यंत्रं तरंगत होती तेवढी बघितली. जुळतंय. वरवरचं नाही, खोलवर तापलंय. उपग्रह खरा होता.
बाईंचं पत्र, "अभिनंदन, महत्त्वाचं काम." अभिनंदन कसलं! मोरीत जाऊन रडले, नळ कोरडाच होता.

बुधवार, १४ मे
पहिल्यापासून सुरू केलं. दुपार झाली, त्या ओळीवरच अडलेय. किनाऱ्याजवळचे बिघडलेले आकडे काढायचे तर वरची मर्यादा काहीतरी घालावीच लागते.
सरांना फोन केला. "सर, कितीपर्यंत घालू?"
सर म्हणाले, "मला नको विचारू, बाई. मागं एकदा सांगितलं ना मी."
आजवर कधी आला नाही एवढा मोठा आकडा घातला. भीती वाटली, वर सरकवला. परत सरकवला. मग सगळाच पुसला. एवढंच तापेल आणि पुढं नाही, हे मी कुणाच्या भरवशावर लिहू?
इरफान विचारून गेला, पाटी लावायची का काढून ठेवायची. म्हटलं, थांब. मर्यादेचा रकाना अजून रिकामा आहे, आणि आजचे नवे आकडे यायची वेळ झाली.