नीलमचा धागा आणि माझं भाषण

१२ ऑक्टोबर

लखनऊमधल्या मराठी बौद्ध भगिनींनो! ज्या धाग्यादोऱ्यांतून आपल्या आजोबांनी हात सोडवून घेतला, तोच धागा आज संगीताचं नाव सांगत आपल्या मुलींच्या मनगटाकडे येतो आहे. आणि आपण काय करतो आहोत? फोटो काढतो आहोत!

— टाळ्या. माझ्याच डोक्यात. समोर भगिनी एकही नाही. वृंदावन योजनेतल्या या फ्लॅटमध्ये माझे मिस्टर ईश्वर तेवढे आहेत, आणि ते म्हणाले, "जोरदार झालं, बेबी. कुकर बंद करू का?"

प्रकरण असं. आमची नीलम कॉलेजपासून गोपीनाथजींकडे सारंगी शिकते. गोपीनाथजी म्हणजे तेच ते — ज्यांचं नाव घेताना इथले गवई आदराने कानाला हात लावतात. जन्मभर गाणाऱ्यांच्या मागे बसून सारंगी वाजवली आणि मागे बसल्या बसल्या कितीतरी गवई पुढे काढले. नुसते गवईच नाहीत, कथकवाल्या येतात, नाटकवाले येतात, एक चित्रकारही येतो म्हणे. तो सारंगीवाल्याकडे काय शिकतो, त्यालाच ठाऊक!

तेवीस नोव्हेंबरला त्यांच्या गुरूंच्या स्मृतीची मैफल आहे. नीलमला पहिल्यांदा मंचावर बसायला मिळेल. पण त्या सकाळी आधी गंडाबंधन. गुरू शिष्याच्या मनगटाला धागा बांधतो, शिष्य पायांवर डोकं ठेवतो, मग गूळ-चणे. गंडा नाही तर मंच नाही, ही त्या घराची रीत.

आमच्या घराची रीत वेगळी आहे. धागा नाही. डोकं कुणाच्याही पायांवर नाही.

नीलमला मत विचारलं. म्हणजे सांगितलं. ती म्हणाली, "मम्मी, आप बीच में मत बोलना, प्लीज़." पोरगी तेवीसची झाली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. बीच में मत बोलना — मला! वाघाला म्हणे पालक खा.

१४ ऑक्टोबर

धम्मचक्र प्रवर्तन दिनाचं भाषण. माईक दोनदा बंद पडला, मी नाही. धाग्यावरचं वाक्य आलं तेव्हा पहिल्या रांगेत लीलावतीकाकूंनी डोळे पुसले. मला भरून आलं. जेवताना कळलं, काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय.

वरण थंड होतं. कोणाच्या भाषणामुळे, ते विचारू नये.

१९ ऑक्टोबर

आज स्वारी केली. सरोजिनी नगर, गोपीनाथजींचं घर. ईश्वरांच्या स्कूटरवर मागे बसून सगळा सराव. सिग्नलला शेजारच्या मोटारसायकलवाल्याने विचारलं, "बहनजी, मुझसे कुछ कहा?"

गोपीनाथजी दिसायला अगदी लहानखुरे. अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, मांडीवर शालीत गुंडाळलेली सारंगी. मी वाकले नाही. हात जोडून खणखणीत "जय भीम" घातला. ते म्हणाले, "जय भीम. तशरीफ़ रखिए."

घोटाळा! माझा पहिला सगळा परिच्छेद ते "जय भीम" म्हणणार नाहीत यावर होता.

तरी बोलले. एकलव्यापासून सुरुवात केली, म्हणजे आजपर्यंत यायला वेळ लागणारच. विमानतळ जवळ, डोक्यावरून विमानं जातात. मी थांबले नाही, विमानाच्याही वर आवाज चढवला. "गुरू हा माणूस असावा, देव्हारा नव्हे! माझी मुलगी शिकेल ती कष्टाने, गहाण पडून नाही!" हे सगळं हिंदीत, आणि माझ्या हिंदीला अजून भंडाऱ्याचा वास येतो. ते डोळे मिटून ऐकत राहिले. मला वाटलं, ते हरले.

मग डोळे उघडून म्हणाले, "आवाज़ में आग है, बेबी जी. मगर साँस ग़लत जगह लेती हैं. जहाँ सुनने वाले को सोचना है, वहाँ आप अगला जुमला रख देती हैं."

मी म्हटलं, "और धागा?"

"धागे की बात धागे के दिन. आप इतवार को आइए. आपको ठहरना सिखाएँगे."

परतताना ईश्वरांनी स्कूटर सुरू केली. मग म्हणाले, "तू गुरुशाही उलथवायला गेली होतीस ना?"

"हो."

"मग शिकवणी किती वाजता?"

२१ ऑक्टोबर

जाणार नाही. प्रश्नच नाही!

२६ ऑक्टोबर

गेले. शत्रूचा अभ्यास म्हणून.

शिकवणी अशी: मी भाषणातलं एक वाक्य म्हणायचं, ते त्याचं उत्तर सारंगीवर देणार. तारेचा आवाज पूर्ण विरेपर्यंत मी पुढचं वाक्य म्हणायचं नाही. बस, इतकंच. मी प्रत्येक वेळी आधी बोलले. एकदाच थांबले, तेही ठसका लागला म्हणून. कोपऱ्यात तो चित्रकार बसला होता, मान खाली घालून हसत. मी विचारलं, तुम्ही इथे काय शिकता? "यही, दीदी. रंग कहाँ नहीं लगाना है."

शेवटी माझा पारा चढला. म्हटलं, थांबा, थांबा, हेच आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं! विहिरीवर थांबा, देवळाबाहेर थांबा, शाळेच्या दारात थांबा! आता थांबणार नाही!

त्यांनी सारंगीचा गज खाली ठेवला. हसले नाहीत. म्हणाले, "सही फ़रमाया. आपसे रुकने को कौन कह सकता है? हम तो साँस लेने को कह रहे हैं."

मी पर्स उचलली. उत्तर घरी येऊन दिलं, ईश्वरांना.

२ नोव्हेंबर

आज रणजित भेटला. गोपीनाथजींचा थोरला शिष्य, टीव्हीवरचा गायक, अत्तराचा घमघमाट. मैफलीत मुख्य गाणं त्याचं. ओसरीतच अडवलं. "आंटी, साफ़ बात है. बिना गंडे के कोई मंच पर बैठी तो मैं नहीं गाऊँगा."

आंटी! मी त्याला तिथेच उभं करून समता शिकवली. आवाज आतपर्यंत गेला असणार, कारण आत नीलम सारंगी लावत होती आणि ती एकदम बंद झाली. बाहेर आली नाही.

गोपीनाथजी दारात येऊन सगळं ऐकत होते. रणजित पाया पडून गेला. मग मला म्हणाले, "तेईस तारीख़ को मंच पर पाँच मिनट आपके. बताइए लोगों को, आपके घर में धागा क्यों नहीं. बाक़ी फ़ैसला नीलम का."

सगळं शहर त्या मैफलीला असतं. छावणीतले साहेब लोक, कॉलेजांचे प्राचार्य, वर्तमानपत्रवाले. आणि मंचावर बेबी! पन्नाशी उलटलेली, कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकांवर शिक्के मारणारी बेबी. आईबापांनी पाळण्यातलं नाव बदलायचे कष्टही घेतले नाहीत, ती बेबी.

इस्त्रीला कोणती साडी द्यायची, यावर संध्याकाळ गेली. "बाक़ी फ़ैसला नीलम का" हे वाक्य आत्ता, लिहिताना आठवलं.

९ नोव्हेंबर

पाच मिनिटांचं भाषण सध्या पाव तासाचं आहे. एकलव्य काढावा लागेल. जीव तुटतो.

१६ नोव्हेंबर

आजचा गृहपाठ: घरी एक प्रश्न विचारायचा आणि तार विरेपर्यंत थांबायचं. ईश्वरांवर प्रयोग केला. "आज भाजी कशी झाली?" — आणि थांबले. ते घाबरले. "काय झालं? डॉक्टरकडे जायचं का?"

मग नीलमवर. जेवताना विचारलं, "तुला काय वाटतं गं, धाग्याचं?"

आणि जीभ दाताखाली धरली. ती खाली बघत भात कालवत राहिली. माझ्या तोंडात तीन उत्तरं तयार होती, तिन्ही तिचीच, मीच रचलेली. गिळली. ईश्वर पाणी प्यायले. बाहेर कबाडीवाला ओरडत गेला. नीलम अजून गप्प. मीही! माझा विश्वास बसेना.

"मैंने तो मना कर दिया था, मम्मी. जुलाई में ही."

जुलाईत! गुरुपौर्णिमेला सगळ्यांसमोर त्यांनी धागा काढला, आणि हिने हात मागे घेतला. म्हणाली, गुरुजी, सीखूँगी जान लगाकर, धागा नहीं बँधवाऊँगी. बस, दोन वाक्यं. एकलव्य नाही, काही नाही.

"मग? ते काय म्हणाले?"

"बोले, जिसने तुम्हें मना करना सिखाया, उन्हें ले आओ. सुनना है."

म्हणजे माझी स्वारी वगैरे काही नव्हतीच. मला बोलावलेलं होतं!

"मग 'मत बोलना' कशाला म्हणालीस?"

"आपको भेजने का और कोई तरीक़ा है क्या?"

ईश्वर इतके हसले की ठसका लागला. त्यांना माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं.

मीही हसले. नीलम हसत नव्हती. मी पुन्हा थांबले, या वेळी गृहपाठ म्हणून नाही. मग ती हळूच म्हणाली, रणजित भैयाने गेल्या आठवड्यातच नाही म्हणून कळवलं. गोपीनाथजींनी त्याला मनवलं नाही. त्याच्या जागी नीलम. एकटी, पूर्ण तासभर, मुख्य जागेवर. मागे तानपुऱ्यावर स्वतः गोपीनाथजी.

"गुरुजी मेरे पीछे बैठेंगे, मम्मी. मुझे डर लग रहा है. आपको कितने दिन से बताना था."

कितने दिन से. आणि मी रोज हिच्यासमोर बसून धाग्यावर बोलत होते.

२२ नोव्हेंबर

भाषण बरोबर पाच मिनिटांत बसलं! एकलव्य गेला, नीलम आली. आईने शिकवलेला नकार मुलीने कसा दिला — शेवटचं वाक्य तर असं उतरलंय की सभागृह उभं राहील. ईश्वरांना म्हणून दाखवलं. म्हणाले, "फार सुंदर. ती वाजवणार कधी?"

काहीही बोलतात!

२३ नोव्हेंबर, सकाळ

नीलम निघाली. एका खांद्याला सारंगी, मनगट मोकळं. दारात विचारलं, "माझी पाच मिनिटं. घेऊ का गं?"

थांबले. चप्पल घालता घालता ती थांबली. वर बघितलं.

"नको ना, आई. तू फक्त समोर बस."

आई म्हणाली. मराठीत.

तर, बेबीताई! भाषण कपाटात. साडी तीच नेस. पहिल्या रांगेत बस आणि मैफल संपेपर्यंत तोंड उघडू नकोस!