कमरेचे पिस्तूल, त्याचे कव्हर आणि माझ्या माघारी करावयाची व्यवस्था

मी, छबुबाई भ्रतार आश्रुबा शेजुळ, वय ७१, धंदा शेती, माजी सरपंच, राहणार मौजे चिंचखोरी, दिंद्रुडजवळ, तालुका माजलगाव, जिल्हा बीड, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कुणाचाही धाक मनात नसताना हे लिहून ठेवते. डॉ. प्रियदर्शनी यांनी आज सकाळी मला तपासून डोके ठिकाणावर असल्याचा दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. तपासण्याआधी त्यांनी कमरेचे पिस्तूल काढून ठेवायला सांगितले, तेव्हा ते कमरेला आहे हे मला आठवावे लागले. यावरून माझी स्मरणशक्ती गेली असे कुणी कोर्टात म्हणू नये. तो कव्हरचा गुण आहे.

१. राहते घर, साडेचार एकर जमीन आणि म्हैस माझी एकुलती मुलगी राजनंदिनी हिला द्यावी. जावईबापूंनी त्या जमिनीत ढाबा टाकण्याचा विचार माझ्या सांगण्यावरून सोडला आहे. तो माझ्या माघारीही सोडलेलाच राहू द्यावा.

२. पिस्तूल परवान्याचे आहे. माझा श्वास थांबल्याबरोबर ते ठाण्यात जमा करावे. वारसांपैकी कुणीही त्यासाठी अर्ज करू नये. का, ते पुढे लिहिते.

माझे धाकटे दीर कै. सुंदरराव यांचे आणि माझे २००८ पासून उत्तरेच्या बांधावरून बोलणे बंद होते. ते पुढाऱ्यांत वावरत, त्यांच्याकडे पिस्तूल होते, आणि माझ्या दारावरून जाताना ते मुद्दाम कमरेला हात लावून नीट करीत. पुढे मी सरपंच झाले, घरावर दगड आले, तेव्हा मीही अर्ज केला. साहेबांनी विचारले, "आजी, तुम्हाला पिस्तूल कशाला?" मी खरे तेच सांगितले, "दिराला हाय म्हणून." दीड वर्षाने परवाना मिळाला.

परवाना मिळवणे सोपे होते. नऊवारीत ते बाळगायचे कसे, हे कुणालाच सांगता येईना. बाजारातले प्रत्येक कव्हर पट्ट्याला अडकवायचे, आणि मला पट्टा नाही. आधी कनवटीला कापडी पिशवीत ठेवले. ग्रामसभेत मांडी घातली की नळी मांडीत रुतायची आणि मी चिडून ठराव नामंजूर करायची. मग लुगड्यावरून पट्टा बांधला तर पोरे म्हणाली, "आजी, एक तिकीट माजलगाव." शेवटी बगलेत बांधायचे घेतले. ते घालून भावकीतल्या एका लग्नाला गेले. मुलाकडचे मोटारसायकलीसाठी अडून बसले होते. "जरा ऐका," म्हणून मी हात वर केला, पदर सरकला. मुलाचा बाप उठून म्हणाला, "आमचं काईच मागणं न्हाई, लगीन लावा!" तेव्हापासून मला दर लग्नात पुढच्या रांगेत बसवतात. पण बगलेतली कातडी सोलून निघाली ती निघालीच.

मग कुणीतरी अंबाजोगाईचे रहीम शेख सांगितले. ते मोटारसायकलीची सीटे शिवतात. ते म्हणाले, "आधी गोळ्या काढून डब्यात ठेवा, मग बात." गोळ्या काढल्या. मग म्हणाले, "आक्का, बाकीच्यांनी पिस्तुलाचं माप घेतलं असंल. मला तुमी बसता कशा, वाकता कशा, कंच्या कुशीवर झोपता, ते सांगा."

हे मला आजवर कुणी विचारले नव्हते. माप त्यांच्या घरच्या जैनबबी यांनी पडद्याआड घेतले. पिस्तुलाच्या आकाराचा लाकडी ठोकळा घालून रहीमभाईंनी मला आठ दिवस कापूस वेचायला पाठवले. जिथे घासले तिथे मी कुंकवाने खूण करून आणली. तिसऱ्या खेपेला कव्हर जमले. आतून मऊ सुती अस्तर, घोडा पूर्ण झाकलेला, वरून बटणाची झडप, आणि मागे वीतभर रुंद पट्टी, म्हणजे वजन एका जागी पडत नाही. मी ते घालून जेवले, दळले, झोपले.

३. उत्तरेचा बांध. २०१९ मध्ये त्याची तारीख होती. तहसीलच्या बाकावर सुंदरराव शेजारीच बसले होते, पण एका बाजूला कलंडून. बऱ्याच वेळाने म्हणाले,

"वैनी, एक विचारू?"

अकरा वर्षांनी ऐकलेला आवाज. मी म्हणाले, "विचारा."

"तुमाला टोचत न्हाई का?"

"न्हाई."

"मला लई टोचतं. उजव्या पायाला मुंग्या येत्यात. जीप चालवता येईना."

"मग ठिवा की घरी, भाऊजी."

"कसं ठिवू? तुमच्याकडं हाय म्हणून तर बांधतो."

"आन् मी तुमच्याकडं हाय म्हणून."

यावर आम्ही दोघांनी बराच विचार केला. पिस्तूल सोडायला कुणीच तयार झाले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच जीपमधून आम्ही रहीमभाईंकडे गेलो. कव्हर मिळाल्यावर महिन्याभरात भाऊजींनी दावा मागे घेतला. म्हणाले, "लई वर्सांनी नीट बसून विचार केला." पुढची पाच वर्षे ते रोज संध्याकाळी चहाला येत. आम्ही दोघे पिस्तुले बांधून चहा प्यायचो.

म्हणून उत्तरेचा बांध, बाभळीसकट, त्यांचा मुलगा विजयसिंह याला द्यावा.

४. याच विजयसिंहामुळे मला हे लिहावे लागत आहे. गेल्या डिसेंबरात भाऊजी गेले. तिरडी उचलताना मला त्यांच्या उजव्या कमरेशी फुगवटा दिसला. तसा फुगवटा जिल्ह्यात दोघांनाच आहे. त्याचा अर्थ ध्यानात येईपर्यंत तिरडी वेशीबाहेर गेली होती, म्हणून मी एकाच्या मोटारसायकलवर मागे बसून मसणवट्यात गेले. बायका तिथे जात नाहीत, मी गेले. विजयसिंहाच्या हातात पेटता टेंभा होता.

"विज्या, थांब! कमरेला काय हाय?"

"अप्पाचं कव्हर, मोठ्याई. त्याबिगर ते उंबरा वलांडत नव्हते."

"नुसतं कव्हर?"

"पिस्तूल काढलं की ढिलं बसतंय. म्हणून राहू दिलं."

"आन् गोळ्या?"

अडीचशे माणसे भजन अर्धे टाकून ज्वारीत शिरली. टाळ तिथेच पडले. विजयसिंह टेंभा उंच धरून उभाच राहिला, त्याला पळणेही सुचेना. मी म्हणाले, "तू तेवढा लांब जा, बाळा." मग मी सरणापाशी गेले, लाकडे बाजूला केली, झडप उघडली आणि सात गोळ्या पदरात काढल्या. भाऊजींच्या अंगाला मी आयुष्यात पहिल्यांदा हात लावला. चेहरा शांत होता. कुठेही टोचत असल्यासारखा नव्हता. तिथे मी रडले. ज्वारीतल्या लोकांना ते दिसले, त्याला माझी हरकत नाही.

५. माझे कव्हर रहीम शेख यांना परत द्यावे. त्यांनी ते दुकानात नमुना म्हणून टांगावे किंवा उसवून कातडे वापरावे.

६. शेवटचे. लग्न झाल्या दिवसापासून माझ्या कमरेला काही ना काही बांधलेले होते. सासूने दिलेल्या किल्ल्या, मग खुरपे, मग ग्रामपंचायतीचा शिक्का, मग हे. मला नेताना विजयसिंहाने कमरेला काहीही बांधू नये, लुगड्याची गाठसुद्धा सैल ठेवावी. राजनंदिनीने स्वतः हात लावून पाहावे आणि मगच उचला म्हणावे. ती बाईमाणूस आहे म्हणून तिला कुणी मागे थांबवू नये. तिने शेवटपर्यंत यावे.

वाचून दाखवले, बरोबर आहे.

सही: छबुबाई भ्र. आश्रुबा शेजुळ

साक्षीदार:
१) उत्तरेश्वर धोंडीराम कदम, निवृत्त शिक्षक, दिंद्रुड
२) शिवशंकर माणिकअप्पा लामतुरे, वकील, अंबाजोगाई

ठिकाण: अंबाजोगाई
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५