जोडचाकांवरून

मंगळवार, संध्याकाळ. बदलापूर गाव

ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना बाहेरून जोडचाकं लावायची, म्हणजे नदीकाठच्या चिखलात तो रुतणार नाही. ती कशी लावायची, एवढंच आज ठरवायचं होतं. हे म्हणाले, बोल्टने पक्की. दीर म्हणाला, आकड्यांनी अडकवून; आपली गल्ली अरुंद, त्यात त्याच्या घराचा ओटा पुढे आलेला, तिथे चटकन काढता येतील.

“आकडा सुटला तर ट्रॅक्टर कलंडेल. तुझी वहिनी चालवते, तू नाही.”

“मग काय माझा ओटा फोडून नेणार, दादा?”

ह्यांनी त्याची गचांडी धरली. त्याने चाकाचा पाना ह्यांच्या खांद्यावर हाणला. मी तोच पाना हिसकावून त्याच्या मनगटावर मारला. दोनदा. पहिल्याच फटक्याला तो खाली बसला होता. मग दुसरा कशाला? माझं लग्न झालं तेव्हा तो सात वर्षांचा होता, माझ्याच ताटात जेवायचा. तरी दुसरा?

हाड मोडलं. डॉक्टरांना त्याने सांगितलं, चाक पडलं हातावर. बाहेर आल्यावर म्हणाला, “बोल्टनेच लावा, वहिनी. ओट्याची पायरी मी काढतो.”

त्याच्या प्लास्टरच्या हाताची गळ्यात बांधलेली झोळी नीट करायला मी हात पुढे केला. तो दचकून मागे सरकला.